माझे दंड कुठे गेले?

धायरी, पुणे
शनिवार, १४ नोव्हेंबर २०१५

चि. दीक्षा,

आशीर्वाद आहेतच. ते रागाच्या आधीचे आहेत, म्हणून परत घेत नाही. फोनवर मी ओरडते आणि तू "आई, मी मीटिंगमध्ये आहे" म्हणून ठेवून देतेस. कागदाला मीटिंग नसते, म्हणून लिहिते आहे.

आज सकाळी बाबांच्या स्कूटरवर मागे बसून भाजीला निघाले होते. वडगावच्या पुलापाशी सिग्नलला थांबलो. बाबा वर बघून म्हणाले, "पद्मजा, ती बाई थेट तुझ्यासारखी दिसते बघ."

ती बाई मीच होते. चाळीस फुटी.

तुमच्या कंपनीच्या त्या कॅलरी मोजायच्या अ‍ॅपची जाहिरात. डावीकडे 'आधी'ची मी, उजवीकडे 'आता'ची मी. 'आधी'चा फोटो दोन वर्षांपूर्वीच्या पॉवरलिफ्टिंगच्या राज्य स्पर्धेतला. माझ्या हातात एकशे तीस किलोचा बार होता तेव्हा. तुम्ही बार कापलात. त्यामुळे लठ्ठ बाई लाल तोंड करून वाकून काय करते आहे ते कळत नाही. बहुतेक लादी पुसत असावी. 'आता'चा फोटो दसऱ्याला तू गच्चीवर काढलेला. "आई, हस ना" म्हणालीस म्हणून हसले. त्या फोटोत माझे खांदे नाहीत. दंड नाहीत. पंचवीस वर्षांचे दंड, दीक्षा, कुणी तरी कॉम्प्युटरवर बसून दुधी सोलावा तसे सोलून काढलेत. आणि खाली माझ्या नावाने वाक्य: "मी फक्त चालते आणि मोजून खाते. जिमची गरजच नाही! – पद्मजा, वय ५४."

मागच्यांनी हॉर्न वाजवले तरी बाबा हलेनात. मग म्हणाले, "फोटो बरा आलाय." त्यांच्याशी मी संध्याकाळपर्यंत बोललेले नाही.

दिवाळीचे दोन दिवस तू इथे होतीस. चकल्या खाल्ल्यास, झोपलीस, माझ्या हातून डोक्याला तेल लावून घेतलंस. एका शब्दाने बोलली नाहीस.

त्या अ‍ॅपमध्ये मी सहा महिने जे भरत होते ते तुझ्यासाठी. "आई, आपल्या जेवणाची माहिती कुणाकडेच नाही गं, तू मदत कर" म्हणालीस. मी भाकरी काट्यावर ठेवून वजन केली. पिठल्यात तेल किती, शेंगदाण्याच्या चटणीचा चमचा किती ग्रॅमचा, सगळं तुला सांगितलं. मला वजन उतरवायचं होतंच. पण कशासाठी, हे जगात फक्त तुला आणि जिमच्या बद्रीनाथ सरांना नीट माहीत होतं. मी चौऱ्याऐंशी किलोच्या गटात खेळते. तिथल्या बायका माझ्याहून अंगाने मोठ्या. बहात्तरच्या गटात उतरले तर या वयात पुन्हा पहिली येऊ शकते. वजन कमी करून वजन जास्त उचलायचं, एवढा साधा हिशेब. त्यात तुमच्या फलकावरचा 'सुडौल' हा शब्द कुठे होता?

उत्तर पाठव. स्माइली नको.

आई


शनिवार, २८ नोव्हेंबर २०१५

दीक्षा,

तुझा मेसेज मिळाला. "आई, ते फक्त क्रिएटिव्ह आहे गं, पर्सनली नको घेऊस." माझं तोंड, माझं नाव, माझं वय. पर्सनली घ्यायला अजून काय लागतं ते कळव.

कुरियरने पाठवलेली साडीही मिळाली. कपाटात ठेवली आहे, घडी मोडलेली नाही.

इकडची हकीकत अशी. ऑफिसात मी आता प्रसिद्ध आहे. पाटबंधारे खात्यात तीस वर्षं काढली, तीनदा राज्यपदक आणलं, तेव्हा कुणी खुर्चीवरून मान वळवली नव्हती. परवा साहेबांनी केबिनमध्ये बोलावून विचारलं, "मॅडम, माझ्या मिसेसला तुमचा डाएट सांगा ना." मी म्हटलं, "आधी तिला शंभर किलो खांद्यावर घेऊन बसता-उठता यायला हवं." ते हसले. त्यांना विनोद वाटला.

ते चालेल. ऑफिस मला नवीन नाही. पण सकाळची बॅच मोडली, ते मी विसरणार नाही.

तुला माहीत आहे ती बॅच मी कशी जमवली. बद्रीनाथ सरांनी सकाळचा एक तास बायकांसाठी रिकामा दिला, तरी तीन महिने मी एकटीच. मग मंडईतल्या गोदाबाई आल्या, कंबरदुखीला कंटाळून. त्यांनी आणखी तिघींना आणलं. साडीवर टी-शर्ट घालून यायच्या. पहिल्यांदा बार उचलला तेव्हा गोदाबाई म्हणाल्या होत्या, "आगं, ह्ये तर कोथिंबिरीच्या पोत्यापरीस हलकं हाय." त्यांचा गुडघा आता जिना चढतो.

या आठवड्यात कुणीच आलं नाही. मी मंडईत गेले. गोदाबाईंनी माझ्याकडे न बघता वांगी निवडली.

"का येत नाही?" मी विचारलं.

"ताई, तुमीच तर बोर्डावर म्हनताय, जिम नको, नुसतं चाला. मंग आमच्याकडून कशापायी वझी उचलून घेत हुता येवढे दिस?"

"ते मी नाही म्हटलं."

"तुमचंच त्वांड हाय की वर."

भर मंडईत मी उभी. काय सांगू? माझ्या पोरीने माझ्या तोंडात घातलं म्हणून सांगू? नाही सांगितलं. कोथिंबीर घेतली आणि घरी आले.

वजन चौऱ्याहत्तरवर अडकलं आहे. पाळी गेल्यापासून शरीर आमच्या ऑफिससारखं चालतं, अर्ज आज द्या, दखल पुढच्या महिन्यात. म्हणून जेवणातून आणखी तीनशे कॅलरी काढल्या. रात्रीची भाकरी बंद. तुझं अ‍ॅप मी फोनमधून काढून टाकलं आहे. मोजायला मला दोन डोळे आणि एक काटा पुरतो.

आई


बुधवार, ९ डिसेंबर २०१५

दीक्षा,

काल तुझे चार फोन आले. उचलले नाहीत. आणि फोन आले म्हणजे बाबांनी सांगितलं. त्यांना मी बजावलं होतं.

काही झालेलं नाही. रविवारी बाबा सहा डिसेंबरसाठी दादरला गेले होते, मी सरावाला गेले. बार खांद्यावर घेऊन खाली बसले आणि वर येताना पाय जरासा घसरला. बद्रीनाथ सर मागेच होते, त्यांनी बार धरला. भोवळ वगैरे शब्द बाबांचे आहेत, ते तिथे नव्हते. हनुवटीवर दोन टाके आहेत. त्यांचा फोटो काढून जाहिरातीत घालायचा असेल तर आधी विचार.

सर ओरडले मात्र. बत्तीस वर्षं ओळखते त्यांना, माझ्यावर कधी आवाज चढवला नव्हता. "सकाळपासून काय खाल्लंय?" म्हणाले. मी सांगितलं, एक अंडं आणि काकडी. ते बाकावर बसले. म्हणाले, "पद्मजाताई, तुम्ही खेळायला उतरताय की उपोषणाला?"

मी म्हटलं, स्पर्धा फेब्रुवारीत आहे, दोन किलो राहिलेत.

"राहू देत ना. चौऱ्याऐंशीत खेळा."

"तिथे मी तिसरी येईन."

"मग या तिसऱ्या."

हे त्यांना सोपं आहे. त्यांचा सोललेला फोटो कुठल्या पुलावर लागलेला नाही. मला पहिलीच यायचंय. त्या फलकाच्या खालून पदक गळ्यात घालून जायचंय मला. एवढं तुला सांगते आहे कारण तुला कळू दे की ही काकडी मी कुणामुळे खाते आहे.

भूक लागली की मला राग येतो आणि राग आला की भूक लागते. बाबा सध्या स्वयंपाकघराच्या दारातूनच बोलतात.

तू येऊ नकोस. आलीस तर मी काहीतरी बोलेन.

आई


शनिवार, २ जानेवारी २०१६

दीक्षा,

बुधवारी तुझ्या ऑफिसात आले, आणि तुझ्याशी एक अक्षर न बोलता निघून गेले. का, ते तुला माहीत आहे. तरी लिहिते, कारण तू काचेच्या पलीकडे होतीस आणि तुला सगळं ऐकू आलं नसेल.

मी भांडायलाच आले होते. रजा टाकली, दोन बस बदलल्या, हिंजवडीच्या त्या चौकात पाऊण तास अडकले. मनात वाक्यं तयार होती. खाली तुमच्या गार्डने माझ्याकडे बघितलं, भिंतीवरच्या फोटोकडे बघितलं आणि विचारलं, "आप की बहन है क्या?" म्हणजे मी माझ्यासारखी दिसायलासुद्धा पुरेशी नव्हते.

तुझा साहेब, तो साई. तिशीतला असेल, पायात चपला, वागायला गोड. "आंटी! यू आर अवर हीरो!" म्हणत धावत आला. कॉफी विचारली. मी म्हटलं, मला फलक उतरवून हवाय. तो म्हणाला, जानेवारीअखेरीस उतरणारच आहे, पण आधी उतरवतो, प्रॉब्लेम काय आहे?

मी म्हटलं, "माझे दंड कुठे गेले?"

त्याला कळेना. मग मी बाही वर केली आणि दाखवला. तुमच्या ऑफिसातली चार पोरं खुर्च्यांवरून उठून बघायला लागली. एकाने तर टाळी वाजवली. साई बघतच राहिला. आणि मग अगदी सरळपणे, कुणाला काही लपवायचं असतं हे गावीच नसल्यासारखा म्हणाला,

"आंटी, मला तर ओरिजिनल फोटोच आवडला होता. बारवालासुद्धा. मी म्हटलं होतं, हेच लावूया, किती पॉवरफुल दिसतंय. दीक्षाच नको म्हणाली. म्हणाली, आईला असं आवडणार नाही, दंड जरा कमी करा."

आईला आवडणार नाही.

मी काचेतून तुझ्याकडे बघितलं. तू मान खाली घातलीस.

सहा आठवडे मी तुमच्या कंपनीला शिव्या देत होते. त्या साईला, त्या कॉम्प्युटरला, न बघितलेल्या कुठल्यातरी पोराला. तुझ्यावर चिडले होते ते तू गप्प बसलीस म्हणून. मनात धरून चालले होते की नोकरीपुढे तुझं काही चाललं नसेल. तुझी बाजू मीच तयार करून ठेवली होती, दीक्षा. बाबांना ऐकवत होते.

कॉफी तशीच ठेवून निघाले. बसमध्ये बाजूच्या मुलीने विचारलं, "काकू, बरं वाटत नाहीये का?" मी म्हटलं, उपास आहे.

आई


सोमवार, १८ जानेवारी २०१६

दीक्षा,

काल तू आलीस. बोललो ते दोघींनाही पाठ आहे, पण मला ते एकदा समोर मांडून बघायचंय. कारण काल ऐकताना डोक्यात नुसता घणघणाट चालू होता.

मी दार उघडलं आणि तू उंबऱ्यातच म्हणालीस, "हो, मीच सांगितलं कमी करायला."

"का?"

"आई, मला आत तरी येऊ दे."

"का ते सांग आणि ये."

बाबा मागून म्हणाले, "अगं, शेजारी ऐकतायत." मी म्हटलं, ऐकू देत, त्यांनी फलक बघितलाय, आता आवाज ऐकू देत.

मग तू बोललीस. एका दमात, रडत, अर्धं इंग्रजीत. शाळेत मी तुला घ्यायला यायचे तेव्हा मुलं म्हणायची, तुझी आई बाप आहे का. स्नेहसंमेलनाला मी बिनबाह्यांचं ब्लाउज घातलं आणि एका बाईंनी तुला बाजूला घेऊन विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना. कॉलेजात तू मैत्रिणींना घरी आणलं नाहीस. "आय वॉज प्राउड ऑफ यू, आई, खरंच, पण घरात. बाहेर मला लाज वाटायची. एकदा, फक्त एकदा, मला तू बाकीच्यांच्या आईसारखी दिसायला हवी होतीस. एवढ्या मोठ्या फोटोत. सगळ्यांना दिसेल असं."

बाबा खाली बसले. मी उभीच होते.

मी काय म्हटलं ते तुला आठवत असेल. "मग बाकीच्यांपैकी एखादीचा फोटो लावायचास." आणि दार लावून घेतलं. तुझ्या तोंडावर. जिन्यावरून तुझे पाय वाजत गेले ते मी ऐकले.

त्या वाक्याचा मला आज पश्चात्ताप नाही. तुझ्या लाजेवरही मला हक्क सांगता येत नाही. ती तुला वाटली, तर वाटली. दहा वर्षांच्या पोरीला पोरांनी छळलं, त्यात तिचा काय गुन्हा? पण सत्ताविसाव्या वर्षी त्या पोरांचं काम तू त्यांच्यासाठी पूर्ण केलंस. त्यांनी नुसतं चिडवलं होतं. तू खोडून टाकलंस.

काल रात्री मी दोन भाकऱ्या खाल्ल्या. पिठलं, वर कच्चं तेल, कांदा. काट्यावर काही ठेवलं नाही. खाताना लक्षात आलं की मीही गेले दोन महिने तुमच्या फलकाशीच खेळत होते. त्या बाईला हरवायचं म्हणून तिच्याइतकीच वाळत चालले होते. बद्रीनाथ सरांना आज कळवलं, चौऱ्याऐंशीत नाव घाला. ते फक्त "बरं" म्हणाले आणि फोन ठेवायच्या आधी हुश्श केलं, ते मला ऐकू आलं.

स्पर्धा चौदा फेब्रुवारीला आहे. हडपसरला, एका मंगल कार्यालयात. बोलावणं नाही हे. माहिती आहे.

आई


शनिवार, २० फेब्रुवारी २०१६

चि. दीक्षा,

तू तिथे होतीस, मग लिहायचं कशाला, असं बाबा विचारतात. तू जे बघितलंस ते खुर्चीतून बघितलंस. मी माझ्या बाजूने सांगते.

वजनकाट्यावर शहात्तर भरले. गटात आम्ही तिघी. बारामतीची ती पोलीस हवालदार माझ्याहून सहा वर्षांनी लहान आणि सात किलोंनी जड. दुसरी कॉलेजात शिकवणारी, मनगट माझ्या घोट्याएवढं. मी तिसरी येणार हे सकाळीच ठरलं होतं. मला वाटलं होतं याचा राग येईल. भूक लागली होती, म्हणून केळं खाल्लं.

स्टेजवर मागे थर्माकोलची 'शुभविवाह' अक्षरं कुणी काढलीच नव्हती. त्यांच्याखाली पंच बसले होते. स्क्वॉट झाले, बेंच झालं. डेडलिफ्टच्या शेवटच्या उचलीला मी एकशे चाळीस सांगितले. इतके मी आयुष्यात उचललेले नाहीत, तिशीतही नाहीत. बद्रीनाथ सरांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि पंचांना आकड्याची चिठ्ठी देऊन आले. नेमके तेव्हाच त्यांना दुसऱ्या खेळाडूसाठी बोलावलं, आणि माझा कमरेचा पट्टा आवळायला कुणी नव्हतं.

मी मान वर केली तर तू समोर. रविवार असूनही ऑफिसचं कार्ड गळ्यात तसंच. कधीपासून होतीस, विचारलं नाही.

"पट्टा ओढ," मी म्हटलं.

तू ओढलास.

"अजून."

"आई, श्वास अडकेल तुझा."

"अडकण्यासाठीच असतो. गुडघा टेक माझ्या कमरेला आणि ओढ."

तू गुडघा टेकलास, एका हाताने माझा दंड धरलास आणि सगळं अंग मागे टाकून ओढलास. भरल्या हॉलमध्ये, लोकांसमोर. पट्टा बसला तरी तुझा हात दंडावर तसाच होता. मीच म्हटलं, सोड, माझं नाव पुकारलं.

बार जमिनीवरून सुटेना. मोजून सांगता येणार नाही, पण तो काळ फार मोठा होता. मग सुटला. गुडघ्यांपाशी थांबला. त्या वेळी मला तुझा राग आला, खरं सांगते, फार मोठा राग आला, ते दार, तो फलक, तो शब्द, 'बाकीच्यांसारखी', आणि बार वर आला. तिन्ही पंचांचे दिवे पांढरे, उचल ग्राह्य. तिसरी आले. तिघींत तिसरी. हवालदार बाईंनी येऊन मला मिठी मारली आणि म्हणाल्या, "मॅडम, पुढच्या वर्षी तुम्ही माझ्या गटात नका येऊ हं."

मागच्या अंगणात आपण पत्रावळीवर मसालेभात खात होतो. तू शितं चिवडत विचारलंस, "आई, मला तुझी लाज वाटायची हे मी बोलले. ते परत घेऊ का?"

मी तेव्हा घास खात होते म्हणून थोडक्यात बोलले. पुन्हा लिहिते. खरं बोललीस, ते राहू दे. ते परत घेऊन मला काय उपयोग? खोटं छापलंस, तेवढं परत घे.

"फलक तर उतरला," तू म्हणालीस.

"लोकांच्या डोक्यातला उतरला का?"

तू पत्रावळ गुंडाळून उठलीस. मला वाटलं, झालं, गेली ही हिंजवडीला.

काल सकाळी जिममध्ये गेले तर बाहेर चार जोड चपला. गोदाबाई आत बार पुसत होत्या. मला बघून म्हणाल्या, "तुमची ल्येक आलती मंडईत. म्हनली, बोर्डावरचं मी लिवलं, आईनं त्यातलं कायबी म्हनलं न्हाय. म्या म्हनलं, मला येकटीला सांगून काय हुतंय, बाकीच्यांनी बी वाचलंय की. तर म्हनली, त्यांचीबी घरं दाखवा. लई हिंडली बया. नऱ्ह्यापातुर गेली. येकीची सासू तर बोल बोल बोलली तिला. उभी ऱ्हाऊन ऐकत हुती."

मी बारवर वजन चढवलं आणि चौघींना रांगेत उभं केलं. गोदाबाई तीन महिन्यांत कंबर पुन्हा आखडून बसल्या आहेत, त्यांच्यावर ओरडले.

तू ऑफिसात रजा टाकून हिंडलीस का, तो साई काय म्हणाला, ते तू सांगशील तेव्हा ऐकेन. मी विचारणार नाही. आणि यावरून असं समजू नकोस की माझा राग गेला. तो आहे. वजनासारखाच आहे तो, या वयात सावकाश उतरतो. मध्येच आठवड्याभराने वाढलासुद्धा दिसेल, तेव्हा घाबरून जाऊ नकोस.

तोवर येत जा. बाबा म्हणतात, जाताना ती कुरियरची साडी घेऊन जा आणि रंग बदलून आण, तो मला शोभत नाही. ते त्यांचं मत. माझं मत, ब्लाउज बिनबाह्यांचं शिवायचं.

तुझी,
आई